परदेशी पशुवैद्यकीय शिक्षण : पैशाआधी अनुभवाची वही भरा

आपल्या समाजात शिकणाऱ्या मुलांसाठी डॉक्टर, इंजिनीअर, फार्मसी आणि डी.एड. हे चार रस्ते सर्वांना ठाऊक आहेत. अलीकडे जळगाव आणि धुळे भागातून पाचव्या रस्त्याची चौकशी होऊ लागली आहे. मुलगा किंवा मुलगी म्हणते, मला जनावरांचा डॉक्टर व्हायचे आहे आणि त्यासाठी परदेशात अर्ज करायचा आहे. बाप दुकानदार किंवा कारागीर. त्याला यातले काही कळत नाही. मग तो एजंटाकडे जातो, एजंट छापील पुस्तिका पुढे ठेवतो आणि बोलणे सुरू होते ते पैशापासून.

वास्तविक बोलणे पैशापासून सुरू व्हायला नको. परदेशातील बहुतेक चांगली पशुवैद्यकीय महाविद्यालये गुणांच्या बरोबरीने एक गोष्ट विचारतात : तुम्ही जनावरांबरोबर किती काम केले आहे आणि ते कोणी पाहिले आहे? आपली मुले येथेच अडखळतात. या लेखात तेवढाच एक धडा मांडायचा आहे. अनुभव कमी असेल तर तो खानदेशातच कसा मिळवावा, त्याची नोंद कशी ठेवावी, आणि ती नोंद हातात आल्यावर घरची पुंजी लावायची की नाही हे कसे ठरवावे.

अनुभव कमी का पडतो?

यात मुलांचा दोष नाही. आपल्या राज्यात पशुवैद्यकीय पदवीचा प्रवेश बारावीनंतरच्या नीट परीक्षेच्या गुणांवर होतो. तेथे कोणी विचारत नाही की तुम्ही कधी शेळीचे बाळंतपण पाहिले आहे का. जे विचारले जात नाही त्याची तयारीही कोणी करत नाही. इंग्लंड-अमेरिकेत पद्धत वेगळी आहे. हा व्यवसाय शेणात, रक्तात आणि रात्री-अपरात्री करायचा असतो, हे उमेदवाराला आधीच माहीत असावे असा त्यांचा आग्रह असतो. पाच वर्षे शिकवल्यावर मूल घाबरून निघून गेले तर जागा वाया जाते. म्हणून ते दारातच पारख करतात.

आपण कापडवाले ताका उलगडून, बोटांनी चोळून पाहिल्याशिवाय माल घेत नाही. त्यांची चौकशीही त्याच जातीची आहे.

तीन देश, तीन पद्धती

इंग्लंड. येथे बारावीनंतर थेट पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे; केंब्रिजला सहा वर्षे. अर्ज यूकॅस या एकाच मध्यवर्ती संस्थेमार्फत करायचा असतो. बहुतेक अभ्यासक्रमांची मुदत जानेवारीत असते, पण पशुवैद्यकीय अभ्यासक्रमाची मुदत आदल्या वर्षीच्या १५ ऑक्टोबरला संपते. हा फरक न कळल्यामुळे पूर्ण वर्ष जाऊ शकते. पशुवैद्यकीयसाठी जास्तीत जास्त चार महाविद्यालये निवडता येतात. २०२६ च्या प्रवेशापासून यूकॅसचे निवेदन तीन प्रश्नांत विभागले आहे : हा विषय का निवडला, शालेय अभ्यासाने काय तयारी झाली, आणि शाळेबाहेर काय तयारी केली. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अनुभवाच्या वहीतूनच द्यावे लागते. काही महाविद्यालये दवाखान्यातील आणि दवाखान्याबाहेरील कामाचे किमान तास ठरवून देतात, काही देत नाहीत, पण मुलाखतीत विचारतात सगळेच. आणखी एक गोष्ट : प्रत्येक महाविद्यालय महाराष्ट्र बोर्डाची बारावी थेट मान्य करीलच असे नाही. कोठे एक वर्षाचा पायाभूत अभ्यासक्रम आधी करावा लागतो. हे अर्जापूर्वी त्या त्या महाविद्यालयाकडून लेखी विचारून घ्यावे. इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेत साधारण ७ च्या आसपास बँड मागतात.

अमेरिका. येथे बारावीनंतर थेट प्रवेश जवळजवळ नाही. आधी तीन-चार वर्षे महाविद्यालयात जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, गणित असे ठरलेले विषय पूर्ण करायचे, त्यानंतर चार वर्षांची पदवी. अर्ज व्हीएमकॅस या मध्यवर्ती सेवेमार्फत जातो आणि त्याची मुदत सप्टेंबरच्या मध्याला संपते. त्यात किमान तीन शिफारसपत्रे लागतात. अनुभवाचे रकाने वेगवेगळे असतात : पशुवैद्याच्या देखरेखीखालील काम एका रकान्यात, जनावरांचे इतर काम दुसऱ्यात, संशोधन तिसऱ्यात. सरकारी विद्यापीठांत बऱ्याच जागा त्या त्या राज्यातील रहिवाशांसाठी असतात. परदेशी विद्यार्थ्यांच्या वाट्याला थोड्याच येतात आणि काही महाविद्यालये परदेशी अर्ज घेतच नाहीत.

मध्य युरोप. हंगेरीत बुडापेस्ट येथे १७८७ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे, स्लोव्हाकियात कोशित्से येथे आहे. दोन्ही ठिकाणी इंग्रजीतून अभ्यासक्रम चालतो. प्रवेशाचा भर जीवशास्त्र-रसायनशास्त्राच्या परीक्षेवर असतो, अनुभवावर कमी. फी इंग्लंडपेक्षा बरीच कमी आहे. म्हणून एजंट लोक या बाजूला जास्त वळवतात. पण प्रवेश मिळणे सोपे म्हणजे टिकणे सोपे असे समजू नये. शरीररचनाशास्त्रात नापास होऊन परतणारे कमी नसतात.

अनुभवाचे दोन हिस्से

आता मूळ मुद्दा. परदेशी अर्जात अनुभव दोन हिश्श्यांत मोजतात आणि आपले लोक दोन्ही एकत्र करतात.

पहिला हिस्सा जनावरांच्या अनुभवाचा. घरी शेळ्या पाळल्या, तबेल्यात म्हशींचे दूध काढले, कोंबड्यांचे शेड सांभाळले, लग्नाच्या घोड्या ठेवणाऱ्या काकांकडे घोडीची मालिश केली, हे सारे यात येते. या बाबतीत आपला समाज गरीब नाही. कुरेशी बांधव, दूधवाले, पोल्ट्रीवाले, घोडेवाले आणि ईदच्या हंगामात बकऱ्यांचा व्यापार करणारे, या सगळ्यांच्या घरातल्या मुलांना दात पाहून बकऱ्याचे वय सांगता येते, चाल पाहून लंगडेपणा ओळखता येतो. शहरी इंग्रजी शाळेतल्या मुलाला हे येत नाही. पण आपल्या मुलाला वाटते की हे तर घरचे काम, हे अर्जात काय लिहायचे? ते जरूर लिहायचे.

दुसरा हिस्सा पशुवैद्यकीय अनुभवाचा. म्हणजे नोंदणीकृत पशुवैद्याच्या नजरेखाली केलेले किंवा पाहिलेले काम. येथे एक बारीक गोष्ट समजून घ्यावी. जिल्हा परिषदेचे दवाखाने दोन श्रेणींचे असतात. श्रेणी १ च्या दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी असतो. तो पदवीधर आणि नोंदणीकृत पशुवैद्य असतो. श्रेणी २ च्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक असतो. तो पदविकाधारक असतो. गावात दोघांनाही 'डॉक्टरसाहेब' म्हणतात. दोघांकडूनही शिकण्यासारखे पुष्कळ आहे. पण परदेशी अर्जात 'पशुवैद्याच्या देखरेखीखाली' या रकान्यात फक्त पहिल्याकडचे तास धरावेत. दुसऱ्याकडचे तास जनावरांच्या अनुभवात दाखवावेत. वर्षभराची मेहनत चुकीच्या रकान्यात गेली तर मुलाखतीत उत्तर देता येत नाही आणि खोटेपणाचा डाग लागतो.

खानदेशात कोठे जावे?

जळगाव आणि धुळे येथे जिल्हा पशुसर्वचिकित्सालये आहेत, तालुक्यांच्या ठिकाणी सरकारी दवाखाने आहेत. पालकाने मुलाबरोबर स्वतः जावे, अर्ज द्यावा आणि परवानगी लेखी घ्यावी. सरकारी अधिकाऱ्याला वरिष्ठांना उत्तर द्यावे लागते, म्हणून तोंडी होकारावर राहू नये. शहरात कुत्र्या-मांजरांवर उपचार करणारे खासगी पशुवैद्य आहेत. त्यांच्याकडे लहान प्राण्यांची बाजू पाहायला मिळते. परदेशात ही बाजू फार मोठी आहे.

दवाखान्याबाहेर पाहायचे तर खानदेशात काय नाही? दूध संघाची संकलन केंद्रे आहेत. साक्री भागात ठेलारी धनगरांचे मेंढ्यांचे कळप आहेत. त्यांच्या हातून पैदास झालेल्या तापी खिल्लार बैलांचे नाव पशुवैद्यकाच्या पुस्तकात आहे. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. नवापूरचा कोंबडी व्यवसाय सर्वांना माहीत आहे.

नवापूरचे उदाहरण तर प्रत्येक उमेदवाराने अभ्यासावे. फेब्रुवारी २००६ मध्ये कोंबड्यांतील बर्ड फ्लूची देशातील पहिली नोंद नवापूरला झाली. नमुने भोपाळच्या अतिसुरक्षित प्रयोगशाळेत तपासले गेले आणि लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये तेथे रोग पुन्हा आला. ऑगस्ट २०२२ मध्ये गुरांच्या लम्पी त्वचारोगाची राज्यातील साथ जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यापासून सुरू झाली. गुरांचे बाजार बंद पडले, शेळ्यांच्या देवीची लस गुरांना टोचण्याची मोहीम चालली. परदेशी मुलाखतीत साथीचे रोग, जनावरांकडून माणसाला होणारे रोग आणि शेतकऱ्याचे नुकसान यावर प्रश्न येतात. ज्याच्या गल्लीत हे घडले त्याने लंडनच्या पुस्तकातले उदाहरण कशाला द्यावे? बाजार बंद झाल्यावर व्यापाऱ्याचे काय होते, लस टोचायला माणूस वेळेवर का पोचत नाही, लोक मेलेले जनावर का लपवतात, हे आपल्या मुलांनी पाहिलेले असते. ते नीट मांडता आले पाहिजे.

वही कशी ठेवावी?

व्यापारात पावतीशिवाय खर्च धरत नाहीत; येथेही तेच. दोनशे पानी रजिस्टर घ्यावे आणि रोजकिर्दीसारखे रकाने आखावेत : तारीख, ठिकाण, देखरेख करणाऱ्याचे नाव व नोंदणी क्रमांक, जनावर, काय पाहिले, स्वतः काय केले, किती तास, काय शिकलो. महिन्याच्या शेवटी तासांची बेरीज करून डॉक्टरांची सही-शिक्का घ्यावा. वर्षाच्या शेवटी एकदम सही घ्यायला गेलात आणि तोवर साहेबांची बदली झाली असली तर वही कोरीच राहील.

समजा, धुळ्यात देवपुरात राहणाऱ्या एका यंत्रमाग कारागिराची मुलगी अकरावी सायन्सला आहे. तिच्याजवळ अनुभव शून्य. ती दर शनिवारी चार तास सरकारी दवाखान्यात जाते. वर्षात सुट्या-परीक्षा वगळून ४० शनिवार मिळाले तर १६० तास झाले. उन्हाळ्याच्या सुटीत तीन आठवडे, आठवड्याचे सहा दिवस, रोज पाच तास खासगी दवाखान्यात बसली तर ९० तास. एकूण २५० तास. शिवाय रविवारी मामाच्या तबेल्यात दोन तास, असे ४० रविवार म्हणजे ८० तास जनावरांचा अनुभव. एका वर्षात शून्यापासून ३३० तास उभे राहिले आणि खर्च झाला तो रिक्षाभाड्याचा व एका रजिस्टरचा.

नोंद कशी असावी याचा नमुना :

"शनिवार. जनावर : शेळी, दोन वर्षांची. तक्रार : पोट फुगले. डॉक्टरांनी डावी कूस ठोकून आवाज ऐकवला. मी शेळी धरली, तापमान पाहिले. मालकाने आदल्या दिवशी लग्नातले उरलेले अन्न घातले होते. शिकले : औषधाआधी मालकाला काय खायला घातले ते विचारावे."

अशा चार ओळी रोज लिहिल्या की निवेदन लिहिताना एजंटाच्या तयार मसुद्याची गरज राहत नाही. 'मला लहानपणापासून प्राण्यांवर प्रेम आहे' हे वाक्य परदेशातल्या निवड समितीने हजारो वेळा वाचलेले असते. फुगलेल्या शेळीची गोष्ट दुसऱ्या कोणाजवळ नसते. पहिल्यांदा जनावर हातात मेले तेव्हा काय वाटले हेही वहीत लिहावे. तोही प्रश्न मुलाखतीत येतो.

तीन गोष्टी सांभाळाव्यात

पहिली, जीव. कुत्र्यांजवळ जाण्यापूर्वी रेबीजची प्रतिबंधक लस आणि धनुर्वाताची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. जनावराचा गर्भपात झालेला असेल किंवा जार पडायची असेल तेथे हातमोज्याशिवाय हात लावू नये. ब्रुसेल्लोसिस नावाचा रोग असाच माणसात येतो, महिनोन् महिने ताप व सांधेदुखी देतो. तबेलेवाले आणि खाटीक बांधवांनीही हे ध्यानात ठेवावे.

दुसरी, कायदा. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम १९८४ नुसार उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत व्यक्तीला आहे. काही मुले फुशारकीने लिहितात की मी शंभर इंजेक्शने दिली. परदेशी समितीला यातून हुशारी दिसत नाही. नियम मोडणारा उमेदवार दिसतो. पाहिले, धरले, स्वच्छ केले, नोंद घेतली, हे प्रामाणिकपणे लिहावे. तासही वाढवून लिहू नयेत. शिफारस करणाऱ्या डॉक्टरला ते विचारू शकतात.

तिसरी, दीनी शंका. पशुवैद्यकात कुत्रा आणि डुक्कर दोन्ही अभ्यासाला असतात. आपल्या देशातल्या अभ्यासक्रमातही असतात, परदेशात तर डुकरांच्या फार्मवर जावे लागते. मुलाने तिसऱ्या वर्षी कोंडीत सापडण्यापेक्षा जाणत्या उलमांशी आधीच मोकळेपणाने बोलून मन स्वच्छ करून घ्यावे. हे शास्त्र आपल्याला परके नाही. उर्दूत याला बैतारी म्हणतात. औषधी वनस्पतींचा जगप्रसिद्ध अभ्यासक इब्नुल बैतार, ज्याचा इंतकाल १२४८ साली झाला, त्याच्या नावाचा अर्थच 'पशुवैद्याचा पुत्र' असा आहे. मुलींच्या पालकांनी हेही लक्षात घ्यावे की इंग्लंडमध्ये आज पशुवैद्यकीय विद्यार्थ्यांत तीन चतुर्थांशाहून अधिक मुली आहेत.

शिफारसपत्र

शिफारसपत्र म्हणजे ओळखीच्या नगरसेवकाचे पत्र नव्हे. ज्याने मुलाला काम करताना पाहिले त्याचेच पत्र चालते. अमेरिकेच्या पद्धतीत पत्र उमेदवाराच्या हातात येतच नाही. लिहिणारा ते स्वतः संगणकावरून पाठवतो. म्हणून डॉक्टरसाहेबांना दोन-तीन महिने आधी विनंती करावी, वहीची झेरॉक्स द्यावी, शेवटची तारीख लिहून द्यावी. ते कामात गुंतलेले असतात; इंग्रजीत पत्र लिहायला त्यांना वेळ लागतो. दुसरे पत्र जीवशास्त्राच्या शिक्षकाचे घ्यावे.

आता पैशाचा हिशेब

वही भरली, मुलाचे मन टिकले, आता बापाने कागद-पेन्सिल घ्यावी. इंग्लंडमध्ये परदेशी विद्यार्थ्याची फी बहुतेक ठिकाणी वर्षाला ३० हजार पाऊंडांच्या वर आहे. पाऊंड १०० रुपयांचा धरला तरी वर्षाला ३० लाख, पाच वर्षांत दीड कोटी, राहणे-खाणे वेगळे. अमेरिकेत फी वर्षाला ५० हजार डॉलर धरली आणि डॉलर ८५ रुपयांचा धरला तर वर्षाला साडेबेचाळीस लाख, चार वर्षांत एक कोटी सत्तर लाख, आणि त्याआधीच्या तीन-चार वर्षांचा खर्च निराळा. दर दोन्ही ठिकाणी कमी धरले आहेत, हे ध्यानात ठेवावे.

बँका साडेसात लाखांच्या पुढच्या शैक्षणिक कर्जाला सामान्यतः तारण मागतात. आपल्या बांधवाजवळ तारण म्हणजे दुकान किंवा राहते घर. दोन भावांचे दुकान एकाच्या मुलासाठी गहाण पडले आणि मूल दुसऱ्या वर्षी परतले तर भाऊबंदकीचा दावा कोर्टात जातो. व्याजाचा प्रश्न तर आहेच. तो प्रत्येक घराने आपल्या पद्धतीने सोडवायचा आहे. सरकारी मदतीबद्दल दोन गोष्टी स्पष्ट असाव्यात. केंद्राची 'पढो परदेश' ही व्याज-अनुदानाची योजना २०२२ मध्ये बंद झाली. एजंट तिचे नाव सांगत असेल तर तेथूनच उठावे. राज्य सरकारची अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहे, पहिल्या पदवीसाठी नाही. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाची शैक्षणिक कर्ज योजना आहे. जिल्हा कार्यालयात जाऊन चालू वर्षाच्या अटी स्वतः वाचाव्यात.

घराजवळचा रस्ता

हा हिशेब पाहून कोणी निराश होऊ नये. महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठ, नागपूर यांच्या पशुवैद्यकीय पदवीची महाविद्यालये मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथे आहेत. मुंबईचे महाविद्यालय १८८६ सालचे. परळला ज्या बाई साकरबाई पशुरुग्णालयाच्या आवारात ते वाढले, ते रुग्णालय कापड गिरणीचे मालक दिनशा माणेकजी पेटिट यांच्या पत्नीच्या नावाचे आहे. म्हणजे कापडाच्या पैशाचा आणि पशुवैद्यकाचा संबंध जुना आहे. जळगावहून मुंबई आणि नागपूर रेल्वेने जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत.

येथे बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र व इंग्रजी हवे आणि नीट द्यावी लागते. १५ टक्के जागा भारतीय पशुवैद्यक परिषदेमार्फत देशभरातून भरल्या जातात, बाकीच्या विद्यापीठामार्फत. उर्दू माध्यमाच्या पालकांना अजूनही पुष्कळदा माहीत नसते की नीट परीक्षा २०१८ पासून उर्दूतूनही देता येते; मराठीतून तर येतेच. मात्र पुढील शिक्षण इंग्रजीतून आहे, तेव्हा आठवीपासूनच इंग्रजीकडे लक्ष द्यावे. अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आहे आणि त्यात एक वर्ष प्रत्यक्ष कामाचे असते. फी परदेशाच्या तुलनेत फारच थोडी.

परदेशाचा दरवाजा यानंतरही उघडा राहतो. पदवी घेऊन पुढील शिक्षणाला जाता येते. तेव्हा वर सांगितलेली राज्याची शिष्यवृत्तीही लागू होऊ शकते. तेथे व्यवसाय करायचा तर अमेरिकेत परदेशी पदवीधरांसाठी ईसीएफव्हीजी नावाची टप्प्याटप्प्याची परीक्षा-पद्धती आहे, त्याबरोबर नॅव्हले ही परवाना परीक्षा. इंग्लंडमध्ये रॉयल कॉलेजची सदस्यत्व परीक्षा आहे. परीक्षा कठीण आहेत, पण घर गहाण न टाकता देता येतात. शिवाय साडेपाच वर्षांचा अनुभव तोवर आपोआप वहीत जमा झालेला असतो.

परतल्यावर काय?

जे थेट परदेशात शिकायला जातील त्यांनी निघण्यापूर्वी एक प्रश्न लेखी विचारावा : या महाविद्यालयाची पदवी घेऊन मी परत आलो तर माझी भारतात नोंदणी होईल काय आणि कोणत्या अटीवर? १९८४ च्या कायद्यात मान्य परदेशी पदव्यांचे वेगळे परिशिष्ट आहे. दिल्लीच्या भारतीय पशुवैद्यक परिषदेकडे किंवा नागपूरच्या राज्य परिषदेकडे विचारणा करून उत्तर फाईलला लावावे. नोंदणीशिवाय परदेशी पदवी घेऊन आलेल्या मुलाला जळगावात दवाखान्याची पाटीही लावता येणार नाही.

वेळापत्रक थोडक्यात

अकरावीच्या सुरुवातीला वही उघडा आणि दवाखान्याची परवानगी घ्या. अकरावीच्या उन्हाळी सुटीत सलग तीन आठवडे काम करा. जूनमध्ये चार महाविद्यालयांना बारावी बोर्डाबद्दल आणि अनुभवाच्या तासांबद्दल लिहून विचारा. जुलैमध्ये शिफारसपत्राची विनंती करा, ऑगस्टमध्ये आयईएलटीएस द्या, सप्टेंबरमध्ये निवेदन लिहा आणि १५ ऑक्टोबरच्या दोन आठवडे आधी अर्ज पाठवा. याच काळात नीटची तयारी मुळीच सोडू नका. दोन्ही दरवाजे उघडे असलेले बरे.

वर्षभर शनिवारी-रविवारी शेणाच्या वासात उभे राहून ज्या मुलाचा उत्साह वाढला, त्याच्यामागे बापाने बेशक उभे राहावे. ज्याचा उत्साह तिसऱ्या शनिवारी ओसरला, त्याच्या घरचे दुकान वाचले असे समजावे. दोन्ही परींनी वहीची किंमत वसूल झाली. एजंटाला पहिला रुपया देण्यापूर्वी मुलाच्या हातात ते रजिस्टर द्या, आणि पहिल्या पानावर तारीख घालून द्या.